चार चौकटींतले घर

बेंगळुरूच्या एका मराठी कुटुंबात १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेले शिवाजीराव गायकवाड तरुणपणी याच शहरात बस कंडक्टर होते. १९७५ साली ते पडद्यावर आले आणि रजनीकांत म्हणून प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांच्या कंडक्टरकीच्या दिवसांच्या गोष्टी लोक आजही आवडीने सांगतात. पण त्यांच्यासारखीच खाकी घालून जो पुढे निवृत्तीपर्यंत तिकिटेच फाडत राहिला, त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे काहीच घडले नसेल का?

बहुतेकांचे उत्तर असते, 'आमच्या आयुष्यात काय आहे सांगण्यासारखे?' अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या एका कारकुनाला मात्र हे उत्तर मान्य नव्हते. त्याचे नाव हार्वे पीकर. आईवडील पोलंडहून आलेले, घरचे छोटे किराणा दुकान. तो स्वतः माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फायली लावायचे काम करी. १९७६ पासून पदरमोड करून त्याने 'अमेरिकन स्प्लेंडर' नावाचे कॉमिक्स काढायला सुरुवात केली. त्यात ना उडणारा महामानव होता, ना राक्षस. दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका, कचेरीतल्या गप्पा, घरातली भांडणे, पैशांची ओढाताण, एवढाच त्यातला मजकूर. गंमत म्हणजे पीकरला चित्रे काढता येत नसत. तो काडीची माणसे काढून संवाद लिही आणि रॉबर्ट क्रंबसारखे चित्रकार त्यावरून चित्रे रंगवीत. नाव झाले तरी त्याने नोकरी सोडली नाही. २००१ साली तो कारकून म्हणूनच निवृत्त झाला. कर्करोगाशी झालेली झुंजही त्याने व पत्नी जॉइस ब्रॅबनर यांनी मिळून १९९४ साली चित्रकथेतून मांडली. त्याच्यावर २००३ साली चित्रपट निघाला आणि २०१० साली तो वारला.

आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' अनेक वर्षे सगळे मुकाट्याने पाहत राहिला. पीकरच्या चित्रकथेत जणू तोच माणूस बोलू लागला.

हे सगळे दूर अमेरिकेतच घडते असे मात्र नाही. बेंगळुरूचे जयनगर ही १९४८ साली पायाभरणी झालेली आखीव वसाहत. तिथल्या फोर्थ ब्लॉकच्या बाजारपेठेजवळ एका मराठी जोडप्याचे ब्लाउज शिवण्याचे लहानसे दुकान आहे. बेतणे आणि मशीन नवऱ्याकडे. हूक, हेमिंग, फॉल-पिको बायकोकडे. गिऱ्हाइके त्याला 'टेलर' म्हणतात आणि तिला नुसतेच 'अक्का'. या अक्कांनी मापाच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर शिवणाच्या खडूने आणि पेन्सिलीने चौकटी आखल्या. एका पानावर चार. वरमहालक्ष्मीच्या सणाआधीची झुंबड. अंगाने भरली तरी 'माप मागचेच घ्या' म्हणणारी बाई. वीज गेल्यावर रस्त्यावरच्या उजेडात लावलेले हूक. बोटात घुसलेली सुई.

मुलगी संगणक कंपनीत नोकरीला. तिला वही सापडली तेव्हा ती आधी पोट धरून हसली. याच्या प्रती काढू या, असे तिनेच सुचवले. पण पुढची पाने उलटताच तिचा चेहरा उतरला. एका पानावर तिच्या फीसाठी काढलेले कर्ज होते. दुसऱ्यावर अण्णांचा मोतीबिंदू आणि त्यामुळे इंचभर आखूड कापलेला ब्लाउज.

''आई, हुकांची गंमत ठीक आहे. पण कर्ज कशाला दाखवायचं? लग्नाची बोलणी चालू आहेत माझी. कुणी वाचलं तर?''

अण्णांना कर्जाचे काही वाटले नाही. ''कर्ज घेतलं, फेडलं. चोरी थोडीच केली? पण ते ब्लाउजचं पान नको. गिऱ्हाइकाचा विश्वास उडेल.''

एकाच वहीत दोघांची लाज दोन वेगळ्या पानांवर होती! अक्का म्हणाल्या, ''मग मी काढू तरी काय? माझ्या दिवसात तुम्ही दोघं सोडून दुसरं आहे कोण?''

स्वतःची गोष्ट सांगताना घरच्यांची गोष्टही उघडी पडते. अशा चित्रकथांतली खरी अडचण हीच. अखेर ब्लाउजचे पान वहीतच राहिले, कारण डोळे अण्णांचे होते. कर्जाचे पान राहिले, कारण ते फेडताना रात्री जागलेले हात अक्कांचेही होते. वीस झेरॉक्स प्रती निघाल्या आणि अण्णांनी त्यांच्या मधोमध मशीनची टीप मारली. आता दुकानात थांबलेल्या बायका त्या चाळतात. दहा वर्षे येणाऱ्या एका बाईंनी परवा पहिल्यांदाच विचारले, ''हूक तुम्ही लावता होय?'' मुलीने एक प्रत पर्समध्ये ठेवली आहे. बोलणीच्या वेळी ती काढायची की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.

असे धाडस करणाऱ्या त्या एकट्याच नाहीत. बिहारमधल्या मधुबनी जिल्ह्यातल्या दुलारी देवी मच्छीमार घरातल्या. लोकांची धुणीभांडी करता करता त्या मिथिला चित्रकला शिकल्या. त्यांची जीवनकथा त्यांच्याच चित्रांसह चेन्नईच्या तारा बुक्सने पुस्तकरूपात आणली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शरद शर्मा यांची 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' ही संस्था तर गावोगावच्या लोकांना चार चौकटींत आपली गोष्ट मांडायला शिकवते. मग त्या पानांच्या झेरॉक्स गावातल्याच भिंतींवर लागतात. सफाईदार चित्रकला येण्याची अटच नाही.

तेव्हा हात वळत नाही म्हणून थांबू नये. काडीची माणसेही चालतात. दिवसातली एकच घटना घ्यावी आणि चार चौकटींत बसवावी. जो चित्रात येईल त्याला आधी दाखवावे आणि त्याचे 'नको' ऐकावे. घरात वडीलधारे असतील तर त्यांचे काम आजच विचारून घ्यावे. बहुतेक घरांत आजीचा एखादा फोटो असतो, तोही कुणाच्या तरी लग्नातला, ठेवणीतल्या लुगड्यातला. जे हात वर्षानुवर्षे राबले, ते काम करताना कसे दिसत होते, हे त्या फोटोत कुठेच नसते.