आईला दहापैकी दहा मिळाले, तरीही...

तुम्ही घरात कुणाला मोबाईल वापरायला शिकवलंय का? शिकवलं असेल, तर माझी फजिती तुम्हाला लगेच कळेल.

मी बी.ए. इंग्लिश. तीन वर्षं कंटेंट रायटर म्हणून ब्लॉग, जाहिराती असं लिहीत होते. मागच्या वर्षी इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकायचं ठरवलं. म्हणजे काय, हे इंदूरमधल्या आमच्या नातेवाइकांना अजून पटवता आलेलं नाही. काकूला वाटतं मी ड्रेस डिझाइन करते. (तिला समजावणं मी आता सोडून दिलंय.) साधं सांगायचं तर, ऑनलाइन शिकवण्याचे जे कोर्स असतात, ते आखण्याचं हे काम.

लिहिता तर येतं, मग अवघड काय, असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात नवीन शब्दांनी वही भरली. ॲडी म्हणजे विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. ब्लूमची 1956 ची वर्गवारी, मग तिची 2001 ची सुधारित आवृत्ती. गान्येच्या नऊ पायऱ्या. पाठ सगळं झालं, पण कोरा स्टोरीबोर्ड समोर आला की हात थांबायचा. स्टोरीबोर्ड म्हणजे एक तक्ताच. स्क्रीनवर काय दिसेल, आवाजात काय ऐकू येईल, शिकणारा कुठे क्लिक करेल, सगळं त्यात लिहायचं. मी त्यात सुंदर परिच्छेद लिहीत बसायचे.

सरावासाठी विषय घेतला यूपीआयची सुरक्षितता. उद्दिष्ट लिहिलं, ‘शिकणाऱ्याला सुरक्षित व्यवहार समजतील.’ आमच्या मेंटॉर ताईंनी ‘समजतील’खाली रेघ मारली. म्हणाल्या, “समजलं हे तुला दिसणार कसं? तो काय करून दाखवेल ते लिही.” मला राग आला. बी.ए.ची तीन वर्षं आम्ही समजण्यावरच तर पेपर लिहिले होते! ‘समजतील’ खोडून ‘सांगतील’ केलं आणि पुढे गेले.

14 स्क्रीन, शेवटी दहा प्रश्न. पहिली विद्यार्थिनी आई. तिने चष्मा लावून, मन लावून सगळं वाचलं आणि दहापैकी दहा मिळवले. मी स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला.

तीन आठवड्यांनी आईने जुना सोफा विकायची जाहिरात दिली. एका ‘गिऱ्हाइका’चा फोन आला. “आंटीजी, क्यूआर भेजा है, बस स्कॅन कीजिए, पैसा आपके खाते में आ जाएगा.” आईने स्कॅन केलं, पिन टाकला. 4,500 रुपये गेले.

दोन दिवस तिने कुणालाच सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, मान खालीच. “पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं गं. तुझ्या परीक्षेत बरोबरच दिलं होतं उत्तर. पण तो इतकं गोड बोलत होता आणि घाई करत होता.”

आम्ही लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याकडे असं काही झालं, तर दोन दिवस थांबू नका, त्याच क्षणी फोन लावा.

त्या रात्री मी माझा धडा पुन्हा उघडला. प्रश्न होता, ‘पैसे स्वीकारण्यासाठी पिन आवश्यक आहे का? हो / नाही.’ त्यात ना फोनवरचा आवाज, ना घाई, ना गोड बोलणं. डोनाल्ड कर्कपॅट्रिकच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मी पाठ केल्या होत्या. दुसरी, माणूस शिकला का. तिसरी, शिकलेलं तो प्रत्यक्षात वापरतो का. या दोन पातळ्यांमधलं अंतर मला 4,500 रुपयांना समजलं, तेही आईच्या.

आता 14 ऐवजी चारच स्क्रीन आहेत. फोन वाजतो, माझ्या भावाच्या आवाजात गिऱ्हाईक बोलतं, पिनचा चौकोन समोर येतो. तिथे शिकणाऱ्याने व्यवहार रद्द करून फोन ठेवायचा. उद्दिष्टातही आता तेवढंच लिहिलंय.

परवा आईला दाखवलं. तिने पटकन फोन ठेवला, पण चेहरा नाराज.

“हा खोटा वाटतो,” ती म्हणाली. “आंटीजी म्हणतच नाही. आणि तुझ्या भावाला म्हणावं, जरा गोड बोल.”

भावाने चौथ्यांदा रेकॉर्डिंग केलंय. आज रात्री पुन्हा आईची परीक्षा आहे.