भाड्याचं गाणं, पहिली रांग

१९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि गाणी फुकट वाटायची सोय झाली. २००१ मध्ये कोर्टकचेरीपायी ते बंदही पडलं. आता आपण रीतसर महिन्याचे पैसे भरतो. तरीही होस्टेलवर रात्री लिस्ट उघडावी, तर लाडकं गाणं करडं पडलेलं! कंपन्यांचा करार संपला की गाणं गायब. ‘डाऊनलोड’ केलेलंसुद्धा त्या ॲपच्याच कुलपात. म्हणजे गाणं आपलं नाहीच, नुसतं भाड्याने आणलेलं!

पैसे मोजायची तयारी असूनही निराशा, हे सिनेमाच्या बाबतीतही घडतं. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला. आजी नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी तयार. थिएटरवर पोचलो तर सगळे शो फुल्ल. उरला होता रात्री उशिराचा, तोही पहिल्या रांगेत. मान अवघडेल म्हणून आजीच म्हणाली, "चला रे घरी."

पुढे तो मोबाईलवर आला. आम्ही लावून दिला आणि आपापल्या कामाला लागलो. आजी चष्मा पुसत एकटीच बघत बसली. हसली, तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. आता थिएटरचं नाव काढलं की "गुडघे दुखतात" म्हणते.

या दिवाळीत सिनेमा कुठला का असेना, आजीला मधल्या रांगेत बसवायचं. आणि शेजारी आम्ही सगळे!