दूर म्हणजे कोणापासून?

काही शब्द कार्यालयीन भाषेतून आपल्या जीवनात शिरतात आणि नकळत आपली ओळख बनून बसतात. ‘दूरस्थ कर्मचारी’ हा त्यांपैकीच एक. २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा मुंबईतील एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणाऱ्या आमच्या विभागातील सर्वांनाच हे बिरुद एकदम प्राप्त झाले. पुढे टाळेबंदी उठली आणि बहुतेकांच्या नावामागचे ते विशेषण गळून पडले. माझ्या नावामागे मात्र ते चिकटून राहिले, कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आम्ही रत्नागिरीला आलो आणि येथेच राहिलो. हा शब्द रोज कागदपत्रांत वाचताना एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. दूर म्हणजे नेमके कोणापासून?

आम्ही राहतो ते पत्नीच्या मामांचे जुने कौलारू घर मांडवीपासून फार लांब नाही. मामांच्या पश्चात ते बंदच होते. माडीवरच्या खोलीत एक टेबल, संगणक आणि वीज गेल्यावर कामी येणारा इन्व्हर्टर एवढाच माझ्या कचेरीचा पसारा. खिडकीतून दोन माड, शेजाऱ्यांचा फणस आणि त्यापलीकडे समुद्राची एक निळी पट्टी दिसते. मांडवीची वाळू काळी आहे. पलीकडे मिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला लोक ‘पांढरा समुद्र’ म्हणतात. एकाच गावाला समुद्राचे असे दोन रंग लाभलेले पाहून प्रथम मला मोठी गंमत वाटली होती.

निसर्गाच्या सान्निध्यात राहणे म्हणजे सदासर्वकाळ सूर्यास्त पाहणे, अशी शहरातल्या मित्रांची समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, सूर्यास्ताच्या वेळी माझ्यासमोर बहुधा कोणाच्या तरी जळालेल्या गोदामाचा अहवाल असतो. निसर्ग येथे भेटतो तो ठरवून नव्हे, तर कामाच्या आड येऊन. जूनमध्ये पाऊस लागला की वीज जाते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळले आणि त्या खोदकामात कुठे तरी केबल तुटली की, माझा अर्धा दिवस फुकट जातो. अशा वेळी हात जोडून पागोळ्या पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. पण त्या सक्तीच्या रिकामपणात पुष्कळ गोष्टी कळल्या. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात मिरकरवाडा बंदरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करीत बसलेली माणसे आणि नारळी पौर्णिमेकडे लागलेले त्यांचे डोळे पाहिले. रजा ही समुद्रालाही द्यावी लागते, हे मला मुंबईच्या कचेरीत कधी सुचले नसते. पावसाळ्यात शहराबाहेरच्या कातळसड्यांवर तेरड्याची आणि सीतेच्या आसवांची फुले उमलतात. उन्हाळ्यात जो जांभा पाय भाजून काढतो, तोच श्रावणात गालिचा पांघरून बसतो. त्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या अनाम माणसांनी कोरलेले हत्ती, मासे आणि मनुष्याकृती आहेत. या कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यापूर्वी कित्येक गुराख्यांनी ती रोज पाहिली होती.

या शहराचा आणि ‘दूर’ या शब्दाचा संबंध जुना आहे. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये त्याला आणून ठेवले ते रत्नागिरीत. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला. १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. मायभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. पुढे १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. म्हणजे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने रत्नागिरी ही माणसाला जगापासून तोडण्याची जागा होती! ज्या दूरपणाची एकेकाळी शिक्षा म्हणून योजना झाली, तोच दूरपणा आज आमच्यासारखे लोक हौसेने पत्करतात. काळाची ही थट्टा थिबा पॅलेसच्या आवारात उभा असताना मला नेहमी जाणवते. तेथून खाली भाट्याची खाडी दिसते. काजळी नदी समुद्राला मिळते ते स्थळही दिसते. राजाने हेच दृश्य पाहिले असणार. पण त्याच्या दृष्टीने त्या पाण्यापलीकडे फक्त मंडाले होते. निसर्गरम्य स्थळ आणि मोकळी वाट या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच मन रमते. नुसते सौंदर्य कैद्याच्या उपयोगी पडत नाही.

दुसरीही एक आठवण या मातीत खोल रुजलेली आहे. कोकणातला तरुण पोटासाठी मुंबईला जाई, गिरणीत वा गोदीत राबे आणि घरी मनीऑर्डर धाडी. शिमग्याला आणि गणपतीला तो येई. गाव त्याला ‘चाकरमानी’ म्हणे. म्हातारे आईबाप, परसातली केळ आणि दाराशी वाट पाहणारी बायको यांच्यापासून तो दूर असे. परंतु त्याला कोणी दूरस्थ म्हणत नसे. दूर तो होता की गाव, याचा निर्णय पगार कुठून येतो यावरून झाला होता. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. प्रवास सुकर झाला, तरी प्रवाहाची दिशा मात्र बदलली नाही. आता प्रथमच पगार आणि माणूस दोघेही एका घरात नांदत आहेत. संख्या थोडी आहे, पण आमच्या आळीतच असे तिघे आहेत. त्यांतल्या एकाची आई मला म्हणाली, “पूर्वी पैशे येत, पोर येत नसे. आता पोर माडीवर आहे. हाक मारली की जेवायला उतरते.” यापेक्षा नेमके विवेचन मी तरी कुठे वाचलेले नाही.

पण ज्या घटनेने माझ्या मनातील प्रश्नाला धार आणली ती २०२१ सालची आहे. त्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला झोडपून गेले होते. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २२ जुलैला चिपळूण बुडाले. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि काही तासांत दुकानांत पुरुषभराहून अधिक चढले. २००५ च्या जुलैतही चिपळूणने असा प्रलय पाहिला होता. या वेळचे पाणी त्याहूनही भयंकर, असे जाणती माणसे सांगत होती. दोन-तीन आठवड्यांत त्या पुराचे दावे कंपनीकडे येऊ लागले आणि संगणकावरून ते माझ्या टेबलावर उतरू लागले.

दाव्याची छाननी हे रुक्ष काम आहे. पॉलिसी चालू होती काय, हप्ता भरला होता काय, सर्वेक्षकाचा अहवाल, पंचनामा, छायाचित्रे, मालाची साठावही, खरेदीची मूळ बिले. यांतले काही नसेल तर अर्जदाराला त्रुटीपत्र जाते. नियम वाईट नाही. खोटा दावा मंजूर झाला, तर त्याचा भार शेवटी खऱ्या विमेदारांवरच पडतो. परंतु त्या आठवड्यात एकामागून एक अशा फायली आल्या की, ज्यांत साठावही नव्हती आणि बिलेही नव्हती. एका वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने त्रुटीपत्राच्या उत्तरात केवळ एक वाक्य लिहिले होते : “बिले दुकानात होती आणि दुकान पाण्यात होते.” मुंबईहून मला सूचना आली की, कागदपत्रांअभावी अशी प्रकरणे बंद करण्याची शिफारस करावी.

त्याआधीच्या रविवारी आमच्या आळीतील मंडळींबरोबर मी चिपळूणला जाऊन आलो होतो. पिण्याचे पाणी, झाडू, फावडी आणि ताडपत्र्या घेऊन रत्नागिरीहून अनेक गाड्या त्या दिवसांत जात होत्या. माझ्या कामाची मर्यादा ओळखून कोणाही विमेदाराची चौकशी मी केली नाही. केवळ एका घरातला चिखल उपसला. पण डोळ्यांना कोण अडवणार? दुकानांच्या पाट्यांवर चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती. रस्त्यावर भिजलेल्या कापडाचे, धान्याचे आणि कागदाच्या लगद्याचे ढीग होते. त्या लगद्यात कोणाची कीर्दखतावणी, कोणाची बिले आणि कोणाची शाळेची प्रमाणपत्रे एकजीव झाली होती. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखे १८६४ पासूनचे ग्रंथालयही पाण्यातून सुटले नव्हते. ते पाहून आलेल्या माणसाला “मूळ बिले सादर करावीत” हे वाक्य पुन्हा टंकलिखित करणे शक्य नव्हते.

मी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. त्यात भावनेचा एकही शब्द नव्हता. म्हटले होते ते इतकेच : दुकानदाराची वही बुडाली तरी त्याच्या व्यवहाराची नोंद अन्यत्र शिल्लक असते. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे सरकारी संगणकावर आहेत. ज्यांनी माल पुरवला त्या पुणे-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडे बिलांच्या प्रती आहेत. ज्यांनी बँकेकडून खेळते भांडवल घेतले आहे, त्यांनी मालसाठ्याची विवरणे बँकेला दिलेली आहेत. ही साधने ग्राह्य धरावीत आणि विमेदारांना ती कशी मिळवावीत हे साध्या मराठीत कळवावे. दोनदा शंका विचारल्या गेल्या, दोनदा उत्तरे दिली. तिसऱ्या आठवड्यात मान्यता आली. मराठी पत्राचा मसुदा मीच केला. सगळेच दावे मंजूर झाले असे नाही. अनेकांचा विमाच अपुरा होता, त्यामुळे भरपाईही अपुरी झाली. त्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराला मात्र आपल्या पुरवठादारांकडून सत्तावीस बिले मिळाली आणि त्याची फाईल मार्गी लागली. त्याची-माझी भेट आजतागायत झालेली नाही आणि होऊही नये.

हे मी आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. मुंबईत असतो तर तोच मी, त्याच नियमांनी, ती प्रकरणे कदाचित वेगळ्या रीतीने हाताळली असती. फरक पडला तो माझ्या चांगुलपणाने नव्हे, तर नव्वद किलोमीटरच्या अंतराने. ज्याला कंपनी दूरस्थ म्हणत होती, तोच त्या विभागात पुराच्या सर्वांत जवळ होता.

नाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर हे लेखन प्रामाणिक ठरणार नाही. बावीस वर्षे माझ्या शेजारी बसलेला सहकारी २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. त्याची बातमी चार ओळींच्या पत्रातून मला कळली आणि पाचव्या मिनिटाला पुढची फाईल समोर आली. कचेरीत असतो तर त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे निदान घटकाभर उभा राहिलो असतो. सहवासातून येणारे सुख जसे अंतरामुळे हरवते, तसा दुःख वाटून घेण्याचा हक्कही हरवतो. शिवाय आमच्यासारख्यांच्या येण्याने या शांत शहरातील घरभाडी आणि जमिनींचे भाव चढू लागले आहेत. माझे बालपण वसईत गेले. बावखलांचे पाणी, केळीच्या बागा आणि पहाटेच्या गाडीने दादरला जाणारी फुलांची व भाजीची ओझी मी पाहिली आहेत. ती हिरवाई राखण्यासाठी झालेली आंदोलनेही पाहिली आहेत. शांतता आवडते म्हणून माणसे येतात आणि त्यांच्या येण्यानेच ती संपते, हे वसईकराला कोणी शिकवायला नको. म्हणून आम्ही नवे घर बांधले नाही, जुनेच शाकारले. हे उत्तर पुरेसे नाही, पण ते आमच्या हातात होते.

२०२३ मध्ये कंपनीने सर्वांना आठवड्यातून किमान तीन दिवस कचेरीत हजर राहण्याचा आदेश काढला. मला दोन पर्याय होते : परत जाणे, अथवा नोकरी सोडून कंत्राटी छाननीकार म्हणून जवळपास दोन-तृतीयांश मोबदल्यावर येथूनच काम करणे. मुलगा तेव्हा नववीत होता. पत्नीने आणि मी तीन रात्री हिशेब मांडला. निवृत्तिवेतनाचा आकडा प्रत्येक वेळी मुंबईच्या बाजूने झुकत होता. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, “आकडे बरोबर आहेत, पण या वहीत आपला मुलगा तुमच्याबरोबर जेवतो ते कुठे लिहिले आहे?” आम्ही राहिलो. पैशाची ओढाताण आहे आणि पुढेही राहील. येणाऱ्या म्हातारपणाची काळजी कधी कधी मध्यरात्री जागे करते.

माझ्या कंत्राटावर आजही ‘दूरस्थ’ हाच शब्द छापलेला आहे. तो बदलावा असे मला वाटत नाही. माणसाने आपले अंतर कोठून मोजायचे, एवढे ठरवणे त्याच्या स्वाधीन असते. कचेरीपासून मोजले तर मी साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. मुलाच्या ताटापासून, शेजाऱ्याच्या हाकेपासून आणि ज्यांच्या नुकसानीचे कागद मी वाचतो त्यांच्या उंबरठ्यापासून मोजले, तर आयुष्यात इतका जवळ मी कधीच नव्हतो.