आपल्या पोरींनी नाचायचं की नाही?

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींमध्ये आम्ही काही कार्यकर्ते मुलींचा अभ्यासवर्ग चालवतो. या वर्षी भीमजयंतीला मुलींनी ठरवले की भाषण नको, गाणे नको. महाडची डिसेंबर १९२७ ची परिषद नुसत्या हालचालींतून दाखवायची. सात मुली, एक हलगी आणि एकही शब्द नाही. आम्हाला कल्पना एकदम पटली. पॅसेजमध्ये तालीम सुरू झाली आणि तिसऱ्याच संध्याकाळी शेवटच्या खोलीतल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्या बायांनी नाचनं सोडलं म्हून तुमी आज साळंत जाताय. आन् आता तुमीच पोरींस्नी नाचवताय व्हय?"

हलगी थांबली. आम्ही समाजशास्त्रात एमए केलेली माणसे, त्यामुळे उत्तर द्यायची घाई आम्हालाच. आविष्कार, शरीराचे राजकारण, लोककलेचा वारसा असे बरेच काही बोललो. आजींनी ऐकून घेतले आणि दार लावून घेतले. त्या रात्री घरी जाताना आम्हाला पहिल्यांदा वाटले की प्रश्न त्यांचा बरोबर आहे आणि उत्तर आमचे पुस्तकी आहे.

आजी सातारा जिल्ह्यातल्या. त्यांची आत्या तमाशाच्या फडावर गेली ती घरी परतली नाही. मित्रहो, आपल्या बायका हौसेने नाचल्या नाहीत. जातीने त्यांना बोर्डावर उभे केले, गावाने पैसे उधळले आणि त्याच गावाने त्यांना छिनाल म्हटले. पवळा हिवरगावकरीण हे महार समाजातल्या बाईचे नाव तमाशाच्या इतिहासात आहे. ती ज्यांच्या फडात नाचली ते पठ्ठे बापूराव मूळचे कुलकर्णी. ते शाहीर झाले, लावणीसम्राट झाले. पवळा मात्र 'नामचंद पवळा'च राहिली, लोकांच्या नजरेत देखणी बाई. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, पण आपल्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग चळवळीत आजही सांगितला जातो.

डिलाईल रोडवरून परळच्या दामोदर हॉलला चालत जाता यायचे. (आपला रस्ता कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग, आणि तो हॉल त्याच जोशींनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा. पण टॅक्सीवाल्याला आजही डिलाईल रोडच सांगावे लागते.) याच हॉलमध्ये १६ जून १९३६ रोजी बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज, आराधी यांच्यासमोर उभे राहिले आणि हे जिणे सोडून द्या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आजींचा प्रश्न तिथून चालत आलेला आहे. नाच सोडणे हीच आपल्याकडे मुक्तीची पहिली हालचाल होती, हे समजून न घेता जो आपल्याला 'लोककला जपा' म्हणून सांगतो, त्याला आधी विचारले पाहिजे की ती कुणाच्या अंगावर जपायची?

आणि तरीही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. त्याच १९३६ मध्ये तिकडे मद्रासला रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 'कलाक्षेत्र' काढले. देवदासींचा बदनाम केलेला नाच 'शुद्ध' करून उच्चवर्णीय मुलींच्या क्लासात नेण्याचे काम त्या दशकात झाले. १९४७ मध्ये मद्रास प्रांताने कायदा करून देवदासी प्रथा बंद केली. बंदी योग्यच होती. पण बाई नाचातून बाहेर, नाच प्रतिष्ठितांच्या घरात, हा हिशेब आपण कधी मांडला? आज आपली एखादी मुलगी फी भरून भरतनाट्यम् शिकते तेव्हा तिला कुणी सांगत नाही की हा नाच कुणाकडून आला.

आपल्याकडे दुसराही एक रस्ता निघाला होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, शृंगार काढून टाकला, सोंगाड्या ठेवला, आणि सावकार, भटजी, पाटील यांची सोंगे आपल्याच वस्तीत आपल्याच लोकांपुढे उभी केली. वाचता न येणाऱ्या गिरणी कामगाराला चळवळ कळली ती अशी. पण या जलशांत बायकांच्या भूमिका पुरुषच करत. त्या काळात दुसरे काही शक्य नव्हते, कारण बाई बोर्डावर दिसली की तमाशा आठवणार. कारण आम्हाला मान्य आहे. ते कायमचे असावे हे मान्य नाही. आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे रात्रभर मुलगे नाचतात, त्याला कुणी हरकत घेत नाही. त्या नाचात गोष्ट कुठली असते, हे विचारायचे आम्ही सोडून दिले आहे. सात मुली गोष्ट घेऊन उभ्या राहिल्या की मात्र सगळ्यांना इज्जत आठवते. आजींबद्दल हे म्हणत नाही. त्या बोलल्यावर कमिटीतले जे दोघे हळूच पुढे सरसावले, त्यांच्याबद्दल म्हणतोय.

महाडच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितले होते की तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, हातागळ्यातल्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते बदला. बायकांनी घरी जायचीही वाट पाहिली नाही. परिषदेतच नेसण्यात फरक दिसू लागला. आखूड लुगडे घोट्यापर्यंत आले. मुलींना हेच दाखवायचे होते. अडचण एवढीच की त्यांना आधीची बाई जमत नव्हती. त्या सगळ्या लेगिंग्जमध्ये वाढलेल्या, वाकायचे म्हटले की सिनेमातल्या मोलकरणीसारख्या वाकत.

शेवटी आम्ही आजींच्या दारात गेलो. नाचायची परवानगी मागितली नाही. एवढेच विचारले, "आजी, तुमच्या आज्जी कशा नेसायच्या? कशा चालायच्या?"

बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग जुने नऊवारी काढायला लावले. एका मुलीला गुडघ्याच्या जरा खाली येईल असे नेसवले आणि पॅसेजभर चालायला लावले.

"आसं न्हाय पोरी. मान खाली घातली म्हंजी झालं व्हय? रस्त्यानं पाटील येतुया. आधी पायातलं काढ. हातात धर. न्हाय, पदराआड. आता वाटंच्या कडंला हो. अंग चोर. तुजी सावली कुटं पडतीया ते बघ."

आजींनी स्वतःच करून दाखवले. संडासाच्या रांगेतले लोक बादल्या घेऊन बघत राहिले. ऐंशीच्या पुढच्या त्या बाईने भिंतीला अंग चोरून घेतले, आणि क्षणभर पॅसेजमध्ये ती बाई आमच्या ओळखीची राहिली नाही. मग त्यांनी त्या मुलीचे लुगडे सोडले, घोट्यापर्यंत पुन्हा नेसवले आणि म्हणाल्या, "आता चाल." मुलगी चालली. लांब लुगड्यात पाय अडकला, दोनदा ठेचकाळली. आम्ही म्हटले, हे नीट करून घेऊ.

"नीट करू नगा," आजी म्हणाल्या. "पयल्यांदा नेसली तवा ती बी आशीच आडखळली आसंल."

चौदा एप्रिलला ते अडखळणे तसेच ठेवले. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. संपल्यावर चांगले झाले असे काही म्हणाल्या नाहीत. चपला पदराआड धरताना एका मुलीचा हात चुकला होता, तेवढे सांगून उठल्या.