मालक कोण?

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाने जात्यावरच्या ओव्यांची नोंदवही संगणकावर नेली. संस्थेकडे मायक्रोसॉफ्टचे डेटाव्हर्स होते. त्यात प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसालाही तक्ते, फॉर्म आणि नियम मांडता येतात, म्हणून ते काम माझ्याकडे आले. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला रकाने आखणे कितीसे अवघड, असे मला तेव्हा वाटले होते.

तक्ता तयार करतानाच ठरवावे लागते, की त्यातल्या नोंदी व्यक्तीच्या वा गटाच्या मालकीच्या असतील की सबंध संस्थेच्या. हा निर्णय मागाहून सहजासहजी बदलता येत नाही. मी पहिला पर्याय घेतला. नोंद करणारा विद्यार्थी आपोआप तिचा मालक होई, आणि कोणाला काय दिसावे, कोणी काय बदलावे हे बऱ्याच अंशी त्या मालकीवर ठरे. नोंद कोणी केली, हा रकाना वेगळा असतो. मालकी दुसऱ्याकडे सोपवली तरी तो तसाच राहतो. मालकीच्या रकान्याला मी सरळ 'मालक' असे मराठी नाव दिले.

एका विद्यार्थिनीने गावातल्या आजींना त्यांच्या ओवीची नोंद वाचून दाखवली. 'मालक' या शब्दापुढे विद्यार्थिनीचे नाव ऐकून आजी हसल्या. "मालक तर माझे कधीच वारले गं. तिथं तुझं नाव कसं?" खेड्यातली बाई नवऱ्याला मालक म्हणते, हे मला ठाऊक होते. फॉर्म करताना ते आठवले नाही.

इथवर हसण्यावारी नेता आले. पुढचे तसे नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गायिकांच्या आणि गावांच्या नावांसह. तो आदर्श डोळ्यांपुढे ठेवून मी नियम घातला: गायिकेचे नाव आणि आडनाव दोन्ही भरल्याशिवाय नोंद जतन होणार नाही. बाईचे नाव हरवू नये, एवढाच हेतू होता.

वर्षभराने नोंदी मूळ वह्यांशी ताडून पाहिल्या. वहीत जिथे 'दगडूची आई', 'वरल्या आळीची म्हातारी' असे होते, तिथे पडद्यावर 'अज्ञात अज्ञात' होते. विद्यार्थ्यांना दोष कसा द्यावा? नियमाने दोन शब्द मागितले, त्यांनी दोन शब्द दिले. एक्सेलमधून एकगठ्ठा आत घेतलेल्या नोंदींना मात्र हा नियम लागलाच नव्हता, कारण त्याची व्याप्ती मी फॉर्मपुरतीच ठेवली होती. तिथे आडनाव कोरे होते आणि 'दगडूची आई' शाबूत होती. नाव राखण्यासाठी केलेला नियम जिथे पोचला नाही, नेमके तिथेच नाव उरले होते.

आता आडनावाची सक्ती काढली आहे. वहीत जसे आहे तसे लिहायचे. शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांची खाती बंद झाली तरी नोंदी त्यांच्याच मालकीच्या राहिल्या होत्या, त्या विभागाच्या गटाकडे सोपवल्या. 'मालक' या रकान्याचे नाव 'सांभाळ' केले.

काही वह्या ओल लागून गेल्या. त्यांतल्या ओव्यांपुढे अजून 'अज्ञात अज्ञात' आहे. ते मी पुसलेले नाही. ते शब्द माझ्या नियमाने लिहवून घेतले आहेत, आणि ते कोणाच्या नावावर मांडायचे हे मला माहीत आहे.