बोटीला ब्रेक नसतो

इंजिनाची बोट प्रथमच हाती घेणारे तरुण न्याहाळताना आम्हांस वारंवार जाणवते, की त्यांच्या मनात मोटारगाडीच असते. गाडीची पुढची चाके वळतात; बोटीचा मात्र मागचा भाग बाजूस सरकतो. नाळ डावीकडे वळवावी, तो मागील बाजू उजवीकडे जाऊन धक्क्यावर आदळते. बोटीला ब्रेकही नसतो. म्हणून धक्क्याशी येताना वेग आधीच उतरवावा आणि शक्यतो प्रवाहाला सामोरे यावे. मग पाणीच बोटीला आवरून धरते.

इंधनाचे तीन हिस्से मानावेत : एक जाण्याचा, एक परतीचा, एक राखीव. नवखा राखीव हिस्साही हौसेत जाळतो. नांगराचा दोर तो खोलीपुरताच सोडतो. खोलीच्या निदान पाचपट दोर सोडल्यावाचून नांगर नीट रुतत नाही. भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते. कालच्या वेळेवर विसंबलेली बोट वसईच्या खाडीत गाळावर बसायची.

परंतु सर्वांत घातक चूक लहानशी भासते. चालक पाण्यात पडताच इंजिन बंद करणारी दोरी अनेक इंजिनांना असते. ती न बांधल्यास रिकामी बोट गरगर फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते. पोहणे हा आमच्या कोळीवाड्यांतील मुलांचा अभिमान खरा. पण फिरत्या पंख्यापुढे तो व्यर्थ आहे. पालकहो, मुलाच्या हाती इंजिन देण्यापूर्वी त्याच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढवा आणि ती दोरी स्वतः बांधा.