राखून ठेवलेला बाण

व्हिडिओ गेम हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर आलेला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु ज्या घरात दहा-पंधरा वर्षांचे एखादे मूल आहे, त्या घरात हा विषय रोज रात्री जेवणाच्या पानावर निघतो. मग तो मासिकालाच वर्ज्य का असावा? खेळ चांगले की वाईट, हा जुना वाद आम्हांस येथे उकरून काढावयाचा नाही. आमचा प्रश्न त्याहून बराच लहान आहे. साहसाच्या खेळांत नायकाला वाटेत जी खास शस्त्रे आणि चमत्कारिक वस्तू सापडतात, त्यांचा खरा उपयोग कोणता, आणि तो होतो केव्हा?

जळगावचा वैशाख ज्यांनी सोसला आहे, त्यांस सांगावयास नको की त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अशा दुपारी आमच्या आळीतील मुले खिडक्या लावून, कूलरच्या घरघरीत, टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रापुढे ठाण मांडून बसत. कॅसेटी या घरातून त्या घरात फिरत. त्यांत १९८७ साली निघालेला ‘कॉन्ट्रा’ हा जपानी खेळ सर्वांच्या विशेष आवडीचा. त्यात ‘एस’ हे अक्षर असलेली एक खूण मिळे. ती झेलली की बंदुकीतून गोळ्या पंख्याप्रमाणे पसरून सुटत. मात्र नायक एकदा मेला की ती बंदूकही गेली. आमचा धाकटा भाऊ या खेळात तरबेज. आम्ही मागे बसून पाहत असू, आणि एक मौज आमच्या ध्यानात येई. साध्या बंदुकीने खेळताना हा गडी बेधडक उड्या मारी. ती पसरणारी बंदूक हाती आली की त्याची चाल मंदावे. आता त्याला जिवापेक्षा बंदूक जपावयाची असे.

पुढे गावात संगणकाचे वर्ग निघाले आणि तेथे जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने रचलेला, १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आला. या खेळातील राजपुत्राजवळ आरंभी काहीच नसते. पहारेकरी तलवार उपसून उभा, आणि हा रिकाम्या हाताने! तलवार पडलेली असते तळघरात एका सांगाड्याजवळ, आणि ती शोधून आणल्यावाचून पुढची वाट मोकळी होत नाही. राजकन्येच्या सुटकेला मुदत एक तासाची. त्या तासात तीच तलवार नायकाला अनेक पहारेकऱ्यांतून पार नेते. परंतु शेवटास येता येता त्याची स्वतःचीच छाया त्याच्यापुढे शस्त्र घेऊन उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार त्याच्याच अंगावर उमटतो. येथे उपाय एकच, तलवार म्यान करणे. तसे केले म्हणजे छाया त्याच्यात मिसळून जाते. हे कोडे ज्या दिवशी एका मुलाला उलगडले, त्या दिवशी वर्गातील सगळी मुले त्याच्या भोवती गोळा झाली होती. शस्त्राचा असा उपयोग आम्ही तोपर्यंत कोणत्याही खेळात पाहिला नव्हता.

याहूनही जुना एक खेळ आहे. १९७६च्या सुमारास विल क्राउदर याने गुहेच्या शोधावर तो रचला आणि पुढल्या वर्षी डॉन वुड्स याने वाढविला. चित्र नाही, नाद नाही. सारा कारभार अक्षरांत. त्यात एका दालनात भला मोठा साप वाट अडवून बसला आहे. त्याला पळवितो कोण, तर एक चिमुकला पक्षी. हा पक्षी पिंजऱ्यात धरावा लागतो. पण खेळणाऱ्याच्या हातात आधी सापडलेली काळी काठी असेल, तर पक्षी भिऊन जवळ येऊ देत नाही. म्हणजे काठी खाली ठेवावी, तेव्हा पक्षी हाती यावा. ती काठी पुढे खिंडीवर पूल उभा करण्यास लागते, म्हणून फेकून देऊनही चालत नाही! ज्या गृहस्थांना हे खेळ म्हणजे निव्वळ हाणामारी वाटते, त्यांनी या काठीचा विचार अवश्य करावा.

आमच्या मते खास वस्तूंचे दोन वर्ग पडतात. एका वर्गातील वस्तू पूर्वी दहा वारांनी होणारे काम दोन वारांत करते. तिने खेळ सोपा होतो, पण होता तोच राहतो. दुसऱ्या वर्गातील वस्तू जगच पालटते. १९८६ सालच्या जपानी ‘झेल्डा’त सुरुंग हाती येईपर्यंत डोंगराची भिंत ही भिंत असते, सुरुंग आला की प्रत्येक भिंतीत कोठे दार दडले असेल काय, अशी शंका मनात घर करते. शिडी मिळाली की कालपर्यंत अडविणारा ओहोळ आज वाट होतो. आमच्या खानदेशी स्वयंपाकघरातले मांड्यांचे खापर असेच. वर्षातून चार वेळा ते निघते आणि एरवी अडगळीत बसते. पण पुरणाचा मांडा तव्यावर भाजून पाहा, म्हणजे खापर कशासाठी असते ते कळेल. वाघनखांचेही तेच. मोकळ्या रणात त्यांचा काय पाड लागणार! पण १६५९ साली प्रतापगडाखाली मिठीच्या अंतरात लांब तलवार लंगडी पडली असती. लंडनच्या संग्रहालयातून २०२४ साली साताऱ्यास प्रदर्शनासाठी आणलेली वाघनखे महाराजांचीच की नव्हेत, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. त्या शस्त्राची योग्यता जागेवर ठरते, हे त्या वादाने बदलत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला, तोही आम्ही कौतुकाने पाहिला. राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधण्यास निघालेल्या कसरतपटू मुलीची ही कथा. दुर्गा तिला त्रिशूळ देते. पण खांबाला गिरकी घेऊन आणि भिंतीवर धाव घेऊन ही पोर त्रिशूळ चालविते, तेव्हा देवीचे देणे आणि तिची स्वतःची कसरत यांत निम्मे-निम्मे श्रेय वाटावे लागते. आजकाल फोनवरच्या कित्येक खेळांत मात्र खास शस्त्र पैसे टाकून मिळते. तळघर नाही, सांगाडा नाही, शोध नाही. असल्या शस्त्राबद्दल लिहिण्यासारखे आम्हांस फारसे सुचत नाही.

आता मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध, तो होतो केव्हा. जळगावाहून धुळ्यास जाताना वाटेत एरंडोल लागते. हीच महाभारतातील एकचक्रानगरी, असे आमच्याकडील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. बकासुराला भीमाने येथे नुसत्या हातांनी मारला. गाडीभर अन्न हेच त्याचे काय ते खास साहित्य! एस.टी. एरंडोलला थांबली की आम्हांस भीमापेक्षा त्याच्या मुलाची, घटोत्कचाची, आठवण अधिक होते. कवचकुंडले देऊन कर्णाने इंद्राकडून शक्ती मिळविली होती. ती एकदाच चालावयाची. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली, दिवसामागून दिवस राखून ठेवली, आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडविली तेव्हा तीच त्याच्यावर सोडावी लागली. कर्णाने चूक केली असे पुष्कळ म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. ती शक्ती हातात होती तोवर श्रीकृष्णाने अर्जुनाला कर्णासमोर येऊ दिले नाही. म्हणजे न सुटलेल्या शस्त्रानेही शत्रूला इतके दिवस दूर ठेवले होते. खेळातील राक्षसाची गोष्ट निराळी. तुमच्या पोतडीत काय आहे हे त्याला ठाऊकच नसते. तेथे राखलेला बाण कोणालाही भिववीत नाही. तो नुसता पडून असतो.

धुळ्यास आमच्या आत्याबाई राहतात. त्यांचा नातू चौदा वर्षांचा. त्याला त्याच्या मामाने एक खेळाचे यंत्र दिले आहे आणि त्यावर तो २०१७ साली निघालेला नवा ‘झेल्डा’ खेळतो. या खेळात साधी शस्त्रे वापरता वापरता मोडतात, त्यामुळे खेळणाऱ्याच्या मनात एक कायमची धास्ती बसते. त्यात ‘प्राचीन बाण’ म्हणून एक जात आहे. मिळण्यास महाग, पण बहुतेक राक्षस एका बाणात नाहीसा होतो. मागल्या आखाजीला आम्ही गेलो, तेव्हा माजघरात पत्त्यांचा डाव रंगला होता आणि चिरंजीव कोपऱ्यात एका दांडग्या राक्षसाकडून मार खात होते. पोतडीत ते बाण शिल्लक. आत्याबाईंनी पत्त्यांवरून मान वर करून विचारले, “हाई कसाले राखी ठेयेल शे?” तो म्हणाला, “शेवटच्यासाठी, आजी.” आत्याबाईंना हे उत्तर पटले असावे. त्यांच्या स्वतःच्या ट्रंकेत मुलाच्या लग्नात घेतलेले लुगडे अद्याप घडी न मोडता आहे, आणि त्याचे कारण विचारले तर त्याही हेच सांगतील.

महिन्याभराने त्याचा आम्हांस फोन आला. खेळ संपला होता. “काका, शेवटच्या राक्षसासाठी राजकन्या वेगळेच धनुष्य देते. तेजाचे. ते घेऊनच त्याला मारायचे.” आणि ते बाण? “तसेच आहेत.” त्याच्या आवाजात विजयाचा उत्साह बेताचाच होता. आम्हीही फार चौकशी केली नाही.

दिवाळीत पुन्हा गेलो, तो त्याने तोच खेळ पहिल्यापासून मांडलेला. या खेपेस त्याचा हात सैल झाला होता. क्षुल्लक राक्षसांवर तो अग्निबाण उधळीत होता, आणि आमच्या देखत त्याने सुरुंगाचा एक बाण तळ्यात सोडला. पाणी उसळले आणि चार-पाच मासे वर तरंगून आले. पोरगा पोट धरून हसला. आत्याबाई शेवयांची वाटी घेऊन उभ्या होत्या; मासळीसाठी बाण घालविलेला पाहून त्यांना राहवले नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली, आणि असे एकूण किती बाण खर्ची पडले याचा हिशेब त्या त्याला विचारू लागल्या.